जुन्या गाडीचा एबीएस दिवा पेटलाय? या चुका टाळा

डॅशबोर्डवर एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा लागला की दोन सल्ले हमखास मिळतात. एक, "फ्यूज काढून टाका, पूर्वीच्या गाड्यांना कुठं होतं एबीएस?" दुसरा, "मॉड्युलेटर (ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा एबीएसचा भाग) गेला, अख्खं युनिट बदला." दोन्ही ऐकू नका. फ्यूज काढला तर पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारं ईबीडीही बंद पडू शकतं. मग ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी जाम होऊन गाडी आडवी होण्याचा धोका असतो. सांगलीहून भर पावसात आंबा घाट उतरायचा असेल तर हा खेळ नको. आणि मॉड्युलेटर बिघडतो, नाही असं नाही; पण दोष बहुतेक वेळा चाकापाशीच सापडतो.

फक्त पिवळा दिवा असेल तर साधा ब्रेक लागतो, सावकाश गॅरेजपर्यंत जाता येतं. सोबत ब्रेकचा लाल दिवाही असेल तर गाडी जागेवर थांबवा, ब्रेक ऑइलची पातळी बघा आणि टो करून न्या.

स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर (बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावून "कोडच नाही" म्हणणं ही नेहमीची चूक. असले स्कॅनर बरेचदा इंजिनाचेच कोड वाचतात. एबीएस वाचणारा स्कॅनर लागतो. त्यात "पुढचा डावा सेन्सर" आलं म्हणून लगेच चाकाचा वेग मोजणारा तो सेन्सर मागवू नका. कोड सर्किट सांगतो, पार्ट नाही. स्टेअरिंग फिरताना सेन्सरची वायर सतत वाकते. आतली तार तुटते आणि वरचं रबर शाबूत दिसतं. मल्टिमीटर लावून वायर हलवत बघा. दोन वायरच्या जुन्या सेन्सरचा रेझिस्टन्स साधारण हजार ओमच्या आसपास येतो, पण आकड्यापेक्षा डाव्या-उजव्याची तुलना जास्त सांगून जाते. नव्या पद्धतीचा ॲक्टिव्ह सेन्सर मात्र ओमवर तपासू नका, त्यातून काहीच कळत नाही.

2019 आणि 2021 च्या महापुरात सांगलीत कितीतरी गाड्या पाण्यात होत्या. सेकंड हँड गाडी घेतली असेल तर सीट-कार्पेटच्या आधी एबीएसचे कनेक्टर उघडून बघा. पिनांवर हिरवट थर दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा. पिन खाल्ली गेली असेल तर कनेक्टर बदला.

सगळ्यात चकवणारा दोष वेगळाच. दिवा लागत नाही, पण गाडी थांबता थांबता, अगदी दहाच्या स्पीडला, पेडल पायाखाली थरथरतं आणि गाडी फूटभर पुढं सरकते. लोक डिस्क घासून घेतात, पॅड बदलतात. खरं तर ज्या दात्यांवरून सेन्सर वेग ओळखतो ती ॲक्सलवरची दात्यांची रिंग गंजून तडकलेली असते, नाहीतर सेन्सरच्या चुंबकी टोकावर लोखंडाचा कीस चिकटलेला असतो. वेग कमी झाला की जुन्या सेन्सरचा सिग्नल आधीच क्षीण होतो. त्यात एक दाता चुकला की कंट्रोल युनिटला वाटतं चाक जाम झालं, आणि ते ब्रेक सोडतं. चाक जॅकवर घ्या, हातानं सावकाश फिरवत टॉर्चच्या उजेडात पूर्ण रिंग बघा. तड केसाएवढी असते, आणि गंजाखाली लपते.

भंगारातून ॲक्सल आणताना दात्यांची रिंग आहे का ते बघा आणि दाते मोजूनच घ्या. एप्रिल 2019 मध्ये सगळ्या नव्या कारना एबीएस सक्तीचं झालं. त्याआधी त्याच मॉडेलच्या खालच्या व्हेरियंटला ते नसायचं, आणि त्या ॲक्सलवर रिंगच नसते. बेअरिंगचंही तसंच. काही बेअरिंगच्या सीलमध्येच रिंगऐवजी चुंबकी पट्टी असते. ती बाजू सेन्सरकडे न येता उलटी प्रेस झाली तर नवं बेअरिंग टाकूनही दिवा तसाच राहतो.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला. ते हवेतली ओल शोषतं आणि मॉड्युलेटरचे व्हॉल्व्ह आतून गंजतात. पाइप सोडल्यावर मॉड्युलेटरमध्ये हवा शिरली असेल तर नुसतं पेडल मारून ती निघेलच असं नाही, स्कॅनरने पंप चालवावा लागतो.

काम झाल्यावर कोड पुसा आणि पहाटे मोकळ्या रस्त्यावर चारही चाकांचे वेग स्कॅनरवर बघत गाडी सरळ चालवा. सांगली-मिरज रोडवर दुपारी हा प्रयोग करू नका. चारही आकडे एकत्र वर-खाली झाले पाहिजेत. एखादा आधी शून्यावर पडत असेल, तर त्या चाकाचं काम अजून बाकी आहे.