सिंक तुंबलंय? पाइप उघडायच्या आधी एवढी तयारी करून घ्या

किचनच्या सिंकमधून पाणी जायचं थांबलं आणि उलट खालूनच वर यायला लागलं की बहुतेकांचा हात आधी सोड्याच्या पुडीकडे जातो नाहीतर प्लंबरच्या नंबरकडे, आणि या दोन्हीच्या आधी करायचं काम राहूनच जातं, ते म्हणजे नक्की कुठे तुंबलंय ते बघणं. सामान कोणतं लागेल, वेळ किती लागेल, आपल्याच्याने होईल का नाही, सगळं त्याच्यावर ठरतं, म्हणून माझ्या यादीत ते पहिलं.

बघायचं असं. घरातले सगळे नळ बंद, वॉशिंग मशीन बंद, सिंकमधलं साचलेलं पाणी मगाने बादलीत काढून घ्यायचं आणि दहा मिनिटं नुसतं लक्ष ठेवायचं. घरात कोणी थेंबभर पाणी वापरत नाहीये तरी सिंक परत भरतंय, म्हणजे ते पाणी तुमचं नाहीच, वरच्या मजल्यावरचं आहे, खाली कुठेतरी कॉमन लाइन बंद झालीये आणि वाट मिळेल तिथून वर येतंय. अशा वेळी स्वतःच्या सिंकखाली कितीही खटाटोप केला तरी उपयोग नाही. पाणी वाढत नसेल तर एक तांब्या पाणी ओता. एका तांब्यातच सिंक तुंबलं तर अडथळा जवळ आहे, ट्रॅपमध्ये, म्हणजे सिंकखालच्या ज्या वळणात थोडं पाणी साचून राहतं तिथे, नाहीतर ओट्याखालच्या पाइपात. चार-पाच तांबे गेले आणि मग गुडगुड करत परत वर आलं तर तो पुढे आहे, भिंतीतल्या लाइनीत किंवा बाहेर चेंबरच्या, म्हणजे जमिनीतल्या झाकणाच्या गटार-टाक्याच्या अलीकडे. आणि मशीनचं पाणी सुटलं की सिंकमध्ये बुडबुडे येतात का, गॅलरीतल्या जाळीतून पाणी वर येतं का, तेही घरातल्यांना विचारून घ्या, कारण हे आठवडाभर चालू असतं आणि कोणी बोलत नाही.

आता सोड्याबद्दल, आणि हे जरा सविस्तर लिहितेय कारण भाजतं ते इथेच. पाइप मोकळा करायची पावडर म्हणजे मुख्यतः कॉस्टिक सोडा. पाण्यात पडला की तो चांगलाच तापतो. हळूहळू का होईना पण पाणी जातंय अशा पाइपात, पाकिटावर लिहिलंय तसा टाकला तर काम करतो, पण पूर्ण तुंबलेल्या, पाणी साचलेल्या सिंकमध्ये टाकला तर अडथळ्यापर्यंत धड पोचत नाही, पाण्यात विरघळून तिथेच बसतो, तेल-तुपाच्या थराशी मिळून त्याचा साबण होतो आणि तो साबण कधीकधी पाइपाच्या वळणात जाऊन घट्ट बसतो. आणि मग तुम्ही खाली बसून ट्रॅप उघडता तेव्हा ते सगळं पाणी हातावर, मांडीवर, तोंड खाली असेल तर डोळ्यात. म्हणून पाइप उघडायचा विचार असेल तर त्या दिवशी काहीही ओतायचं नाही. सोड्यावर बाथरूमचं ॲसिड तर अजिबात नाही, आणि ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो, बंद किचनमध्ये तो फार वाईट. ॲल्युमिनियमचं भांडं सिंकमध्ये असताना सोडा टाकू नका, त्यातून हायड्रोजन निघतो आणि शेजारी गॅस असतो हे विसरू नका. कोणी आधीच टाकला असेल तर जाड रबरी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा याशिवाय हात लावायचा नाही, आणि अंगावर उडालाच तर लगेच नळाखाली धरून निदान पंधरा-वीस मिनिटं साधं पाणी, लिंबू नाही, व्हिनेगर नाही. डोळ्यात गेला तरी तसंच धुवत राहायचं आणि थेट दवाखाना. खायचा सोडा आणि व्हिनेगरचा फेस दिसायला छान दिसतो, पण तो कार्बन डायऑक्साइड असतो, जमलेलं तूप त्याने हलत नाही. वास थोडा कमी होत असेल, बाकी काही नाही.

वेळ कोणती धरायची? आपल्याकडे नाशिकला डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा पाइपातलं तूप, खोबरेल, डालडा सगळं गोठून मेणासारखं होतं, म्हणून थंडीत हे काम भर दुपारी करायचं, पहाटे उठून नाही. दिवाळीच्या तळणानंतर आणि रविवारी घरी मिसळ झाली, तर्रीची पातेली तशीच सिंकमध्ये विसळली, की तक्रार येतेच. जेवणं आटोपलेली, भांडी झालेली, हार्डवेअरचं दुकान अजून दोन-तीन तास उघडं असेल अशी वेळ बघा, कारण एखादा वॉशर ऐन वेळी तुटतोच. मावशी भांड्यांना येत असतील तर त्यांना आधी सांगा, त्या येऊन सवयीने नळ सोडतात आणि खाली तुम्ही पाइप हातात धरून बसलेले. पिण्याचं, स्वयंपाकाचं पाणी वेगळं भरून ठेवा, दोन बादल्या बाथरूममध्ये ठेवा.

मग ओट्याखालची जागा रिकामी करायची. अर्धवट सरकवून नाही, पूर्ण रिकामी. कांदे-बटाट्याची टोपली, रिकाम्या बरण्या, पिशव्यांची पिशवी, फिनेल, सगळं बाहेर. कडप्प्याच्या ओट्याखाली सिलेंडर तिथेच शेजारी असेल तर रेग्युलेटर बंद करून, काढून, सिलेंडर बाहेर उभा ठेवा. झुरळं निघतील, त्याची तयारी ठेवा, पण लगेच स्प्रे मारत बसू नका, त्या कोंदट जागेत तुम्हालाच डोकं घालायचंय. खिडकी उघडी, एक्झॉस्ट चालू.

वॉटर प्युरिफायर असेल तर तो बंद करा, आणि हे मी ठळक सांगतेय कारण कोणाच्या लक्षात येत नाही. त्याची बारीक पांढरी नळी, टाकाऊ पाण्याची, ती बऱ्याच घरांत सिंकच्या पाइपातच खोचलेली असते. नळ बंद असला तरी प्युरिफायर चालू असेपर्यंत त्यातून पाणी गळत राहतं. बटण बंद करा, त्याची पाण्याची लाइनही बंद करा, आणि ती नळी कुठे होती त्याचा फोटो काढून ठेवा. सिंकच्या नळाला एक फडकं घट्ट बांधून ठेवा. का, तर पाइप खाली काढलेला असतो, हात घाण झालेले असतात, माणूस उठतो आणि त्याच सिंकमध्ये हात धुतो, आणि ते सगळं पाणी ओट्याखाली. फडकं बांधलेलं दिसलं की हात थांबतो.

सामान तसं फार नाही. एक रबरी पंप, ज्याला प्लंजर म्हणतात, कपासारखा सपाट तोंडाचा, आणि तो किचनसाठी वेगळाच ठेवायचा, संडासचा आणायचा नाही. एक ड्रेन स्प्रिंग, म्हणजे ती लांब लवचिक तार, पुढे टोकाला गुंडाळी असलेली, पाचेक मीटरची घरच्या कामाला पुरते. ट्रॅपखाली बसेल असं बुटकं घमेलं किंवा जुनी परात, कारण बादली तिथे मावतच नाही. रबरी हातमोजे, टॉर्च किंवा डोक्याला लावायची बॅटरी, जुने पेपर भरपूर, दोन जुने टॉवेल, जुना टूथब्रश, एक स्क्रू ड्रायव्हर, प्लॅस्टिकची जाड पिशवी. टेफ्लॉन टेपची एक गुंडाळी, आणि नवीन वॉशर. खालचा घड्यांचा वेस्ट पाइप कडक होऊन चिरला असेल तर नवीनच आणा, महाग नसतो, फक्त सव्वा इंची का दीड इंची ते बघून जा, नाहीतर जुन्याचा फोटो आणि तोंडाचं माप घेऊन जा. रविवार कारंजा, मेन रोडच्या बाजूला सगळं मिळतं पण त्या गर्दीत गाडी लावायला जागा नाही, एवढ्यासाठी घराजवळचं दुकान बरं, सिडको असो का नाशिक रोड, वॉशरवाला दुकानदार गल्लीत असतोच.

पहिला प्रयत्न पंपाचा. सिंकमध्ये रबर बुडेल एवढं पाणी ठेवा, ओव्हरफ्लोचं भोक किंवा दुसरं सिंक असेल तर ते ओल्या फडक्याने दाबून बंद करायला एक माणूस लागतो, त्याला आधी बोलावून ठेवा. ते भोक उघडं असलं की सगळा जोर तिथून निघून जातो आणि लोक म्हणतात पंप काही कामाचा नाही. पंधरा-वीस वेळा नीट दाबा, वर ओढताना जास्त जोर. सुटलं तर सुटलं, नाही सुटलं तर ट्रॅप उघडा. उघडायच्या आधी जोडणीचा फोटो, घमेलं खाली, मग आटे हळू सोडा. प्लॅस्टिकचे आटे हाताने निघतात, पाना लावला की चिरतात.

ट्रॅप हातात घेतला की समजतं घरात काय काय चालतं ते. वरती राखाडी-पांढरा, लोण्यासारखा थर, बोट लावलं तर चिकटतो, साबणाने पण लवकर जात नाही. त्यात चहाचा चोथा काळा काळा अडकलेला, फुगलेला भात, कोथिंबिरीच्या काड्या, कणकेच्या परातीचं विसळलेलं पाणी जाऊन झालेली खळ, आणि या सगळ्याला धरून ठेवणारी ती तारेच्या घासणीची एक कुरळी तार किंवा नारळाची शेंडी. खरा गुन्हेगार बहुतेक वेळा ती तारच, तेल नुसतं तिच्यावर येऊन बसतं. हे सगळं पेपरात गुंडाळून पिशवीत, तार वेगळी काढून सुक्या कचऱ्यात आणि बाकी ओल्या कचऱ्यात घंटागाडीला द्या, परत सिंकमध्ये किंवा मोरीत धुवू नका, तेच पुढे जाऊन बसेल.

ट्रॅप साफ होता पण पाणी जात नाही, मग भिंतीकडच्या तोंडातून स्प्रिंग घालायची, फिरवत फिरवत, ढकलत नाही. अडली की मागे-पुढे करत फिरवा, जोर केला तर आतल्या आत वळते आणि मग ती काढायला दुसरा माणूस लागतो. बाहेर ओढताना टॉवेलमधून ओढा, नाहीतर भिंतीवर शिंतोडे. परत जोडताना वॉशरची निमुळती बाजू होती तशीच आली पाहिजे, फोटो त्यासाठीच. मग गरम पाणी, पण उकळतं नाही, पीव्हीसी पाइप उकळत्या पाण्याने मऊ पडतो आणि सांधे सुटतात, हाताला सोसेल त्याच्या थोडं वर इतपत बास, भांड्याचा साबण टाकून दोन बादल्या सावकाश. जोडाखाली कोरडा पेपर अंथरून ठेवा आणि रात्रभर राहू द्या, थेंब पडला तर पेपरवर दिसतो. ट्रॅप काढून टाकून सरळ पाइप जोडायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, ट्रॅपमध्ये जे थोडं पाणी साचून राहतं तेच गटाराचा वास आणि झुरळं अडवतं.

आणि पाणी वरच्यांचं आहे असं पहिल्याच तपासणीत कळलं असेल तर तयारी वेगळी. त्रास तळमजल्यालाच, आमच्या खालच्या काकूंच्या सिंकमध्ये वरच्या चार घरांचं खरकटं येतं आणि वरच्यांना पत्ताच नसतो, म्हणून आधी ग्रुपवर मेसेज टाकून थांबू नका, वर जाऊन बेल वाजवून सांगा की तासभर किचनचं पाणी सोडू नका. सेक्रेटरीकडून डक्टची, म्हणजे उभे पाइप जातात त्या मोकळ्या जागेची, आणि गच्चीची किल्ली घेऊन ठेवा. गच्चीवरच्या पाइपाचं वरचं तोंड बघा, तिथे कबुतराने काड्या भरल्या की हवा अडते आणि खाली गुडगुड सुरू होते. चेंबरचं झाकण उचलायला दोन माणसं आणि पहार, मुलं लांब. चेंबर भरलेला असेल तर अडथळा त्याच्या पुढे, रिकामा असेल तर चेंबर आणि घर यांच्या मध्ये. बाहेरूनच बांबू किंवा रॉड घालायचा, आत कोणीही उतरायचं नाही आणि कोणाला पैसे देऊन उतरवायचंही नाही. आत सडक्या अंड्याच्या वासाचा वायू असतो, तो जास्त झाला की नाकच बधिर होतं, वास येत नाही म्हणून माणूस बिनधास्त उतरतो आणि वर येत नाही. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, दोनशे-पाचशे रुपये वाचवायला कोणाचा जीव घालू नये. कंपाउंडच्या आतलं सोसायटीचं, बाहेरची मुख्य लाइन भरली असेल तर महापालिकेचं. त्यासाठी राजीव गांधी भवनपर्यंत, म्हणजे महापालिकेच्या मुख्यालयापर्यंत जायची गरज नसते, आपल्या विभागीय कार्यालयात तक्रार द्या, पंचवटी, सातपूर, सिडको, नाशिक रोड, पूर्व, पश्चिम यापैकी आपलं कोणतं ते घरात लिहून ठेवा, आणि तुंबलेल्या चेंबरचा फोटो तक्रारीला जोडा. गल्लीत सध्या रस्ता खोदलाय का तेही सांगा, माती जाऊन लाइन बंद होते.

प्लंबरला बोलवायची वेळ आलीच तर फोनवरच सांगा की ट्रॅप उघडून बघितलाय, साफ आहे, स्प्रिंग किती आत गेली आणि कुठे अडली, पाणी कोणाचं आहे, म्हणजे तो मोठी स्प्रिंग किंवा मशीन घेऊनच येईल, एका फेरीत काम होईल आणि पैसे आधीच ठरवता येतील. ओट्याखालची जागा मोकळीच ठेवा, किल्ल्या हाताशी, वरच्या मजल्यांना परत एकदा सांगून या. आणि घरात कोणीही, सासूबाईंनी, मुलाने, मावशींनी, कालपासून त्या सिंकमध्ये सोडा किंवा ॲसिड टाकलं असेल तर नीट विचारून घ्या आणि तो दारातून आत आल्या आल्या, पाइपाला हात लावायच्या आधी, त्याला सांगा.