डिस्ट्रिब्युटेड डेटाबेसमधला डेड कोड: उडवायचा की ठेवायचा?

डेड कोड म्हणजे आता कुणीच वापरत नाही असा दिसणारा कोड. ग्रेप मारला (सगळ्या कोडमध्ये नाव शोधलं), फंक्शनची स्वतःची डेफिनिशन आणि एखादी टेस्ट एवढंच सापडलं की लगेच डिलीटचा पीआर (कोडबदलाचा प्रस्ताव) टाकावासा वाटतो. साध्या वेब अ‍ॅपमध्ये टाका बिनधास्त. अनेक मशीनवर (नोडवर) मिळून चालणाऱ्या डेटाबेसमध्ये मात्र जरा थांबा, कारण तो कोड चालवणारा तुमच्या रिपॉझिटरीत असेलच असं नाही, दुसऱ्या नोडवर अजून जुनं व्हर्जन चालू असेल किंवा कधीकाळी डिस्कवर लिहिलेले चार बाइट्स पडून असतील. म्हणून आधी हे शोधा की या कोडला जागं करणारा डेटा किंवा मेसेज अजून कुठे शिल्लक आहे का.

समजा डिकोडरच्या स्विचमध्ये केस 7 म्हणजे जुना रेकॉर्ड फॉरमॅट आहे. तो लिहिणारा कोड कधीच काढलाय, वाचणारा तेवढा राहिलाय. केस 7 उडवली तरी सगळ्या टेस्ट हिरव्या येणार, कारण टेस्टमधला क्लस्टर दरवेळी कोरा उभा राहतो, आणि मग कुणाच्या तरी प्रॉडक्शनमध्ये कॉम्पॅक्शनने (जुन्या फाइल्स एकत्र करून नव्याने लिहिणारं काम) अजून हातही न लावलेली जुनी फाइल उघडली की नोड पॅनिक, म्हणजे क्रॅश. त्यामुळे डेटा फाइल्स बघा, राइट-अहेड लॉग (बदल आधी जिथे नोंदवतात तो) बघा, राफ्ट लॉग (नोड्समध्ये एकमत ठेवणाऱ्या राफ्ट पद्धतीचा) बघा (मागे पडलेल्या फॉलोअरला जुन्या एंट्री अजून लावायच्या असतात), आणि सगळे हमखास विसरतात तो बॅकअप बघा.

पोस्टग्रेस डिस्ट्रिब्युटेड नाही, पण उदाहरण चोख आहे. 2010 साली 9.0 मध्ये व्हॅक्यूम फुलची (टेबलातली रिकामी जागा परत मिळवणारी कमांड) जुनी पद्धत गेली, तरी तिने टपल हेडरमध्ये (प्रत्येक ओळीसोबतच्या माहितीत) ठेवलेले बिट ओळखणारा कोड पुढे कित्येक व्हर्जन तसाच ठेवला, कारण पीजी-अपग्रेड टूलने जुन्या व्हर्जनमधून तशाच पुढे आणलेल्या डेटामध्ये ते बिट असू शकतात.

रोलिंग अपग्रेडसाठी (एकेक नोड करत व्हर्जन बदलताना) ठेवलेल्या कोडचा निकाल त्यामानाने सोपा. कॉकरोचडीबीत व्हर्जन गेट असतात, म्हणजे क्लस्टर अमुक व्हर्जनवर पोचलाय का ते तपासणाऱ्या इफ-एल्स अटी, मिनिमम सपोर्टेड व्हर्जन पुढे सरकलं की त्याखालची गेट कायम ट्रू येतात, म्हणजे एल्सची बाजू खरंच मेली, काढून टाका. पण गेट निकामी झालं म्हणून डिस्कही साफ झाली असं धरू नका, मायग्रेशनने जुना डेटा खरोखर रीराइट केलाय का ते बघा. कॅसँड्रा डेटाबेसमध्ये नोडटूलची अपग्रेडएसएसटेबल्स कमांड याच कामासाठी आहे.

कोड किती वेळा चालला ते मोजणारा काउंटर शून्य दाखवतोय एवढ्यावर विसंबू नका. क्वोरम (निर्णयाला लागणारं नोड्सचं बहुमत) गेल्यावरची रिकव्हरी, करप्शन दुरुस्ती, हा कोड वर्षानुवर्षं चालत नाही आणि ज्या दिवशी लागतो त्या दिवशी दुसरा पर्याय नसतो. तो काढायचा नसतो, त्याच्या टेस्ट वाढवायच्या असतात.

आता "असू दे, कुठे नडतोय" म्हणणाऱ्यांसाठी. नाइट कॅपिटलच्या ट्रेडिंग सिस्टिममध्ये पॉवर पेग नावाचा कोड 2003 पासून वापरात नव्हता पण काढला नव्हता. त्याचाच जुना फ्लॅग नव्या कामाला लावला, आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड गेलाच नाही, आणि 1 ऑगस्ट 2012 ला 45 मिनिटांत 46 कोटी डॉलरहून जास्त बुडाले. एका नोडवर जुनं, बाकीच्यांवर नवं, ही आपल्याकडची रोजची स्थिती आहे. म्हणून कोड काढा पण त्याचा नंबर, फ्लॅग, एनमची व्हॅल्यू परत कधीच वापरू नका, प्रोटोबफमध्ये (मेसेजचा फॉरमॅट ठरवायची पद्धत) सरळ रिझर्व्ह्ड करून ठेवा.

काढताना एका झटक्यात काढू नका. एका रिलीजमध्ये तिथे वॉर्निंग आणि काउंटर टाका, पुढच्या रिलीजच्या अपग्रेडआधी चेक ठेवा की जुना फॉरमॅट सापडला तर अपग्रेड पुढे जाऊच नये, आणि त्यानंतर डिलीट. जुन्या व्हर्जनने बनवलेल्या खऱ्या डेटा फाइल्स टेस्टमध्ये जपून ठेवा. पीआर वेगळा आणि छोटा असू दे, कमिट मेसेजमध्ये कुठे कुठे शोधलं ते लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी कुणीतरी तेच सगळं परत शोधत बसतं.

आणि केस 7 गेल्यावर त्या जागी नुसता पॅनिक ठेवू नका. हा फॉरमॅट कुठल्या व्हर्जनपर्यंत वाचता येतो आणि आधी कशावर जाऊन रीराइट करायचं हे एररमध्येच स्पष्ट लिहा, जुना बॅकअप रिस्टोर करायला बसलेला माणूस आधीच टेन्शनमध्ये असतो.