जुन्या गाडीची पेट्रोलची टाकी गळतेय? निदान या चुका तरी टाळा

गाडीखाली पेट्रोलचा डाग दिसला की लोक आधी पुट्टी आणतात आणि मग गळती शोधतात. मळली, अंगठ्याने दाबली, हात झटकून मोकळे. थोड्या दिवसांनी तोच डाग परत दिसतो आणि "टाकीच गेली वाटतं" असा निकाल लागतो. पुष्कळदा टाकी शाबूत असते.

टाकी फुल्ल केल्यावरच गळत असेल तर खालच्या पत्र्याच्या मागे लागू नका. दुखणं वर असतं: पेट्रोलची पातळी मोजणाऱ्या फ्लोटच्या युनिटखालचं गॅस्केट, पेट्रोल भरायच्या तोंडाजवळचा तडकलेला रबरी पाइप, नाहीतर ब्रीदरची, म्हणजे टाकीत हवा येण्याजाण्याची नळी. तिथून पेट्रोल पत्र्यावरून ओघळत येतं आणि खालच्या कडेला थेंब धरतं. मी टाकी बाहेरून धुतो, पूर्ण कोरडी करतो, तिच्यावर खडूची पूड चोळतो आणि स्वस्थ बसतो. ओल सगळ्यात उंच जिथे उमटते, तिथे गळती. टाकीला धरणाऱ्या लोखंडी पट्ट्याही काढून बघा. त्यांच्याखालचं फेल्ट किंवा रबर पाणी धरून ठेवतं आणि पत्रा नेमका तिथेच कुजतो.

हे काम गाडीखालच्या खड्ड्यात करू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात साचते. वायरला लटकवलेला उघडा बल्ब तर नकोच. तो पडून फुटला की ठिणगी आयतीच. आणि आधी बॅटरी सोडवा.

आता ज्या चुकीचा मला सगळ्यात जास्त संताप येतो ती. "टाकी रिकामी आहे, धुतली पण आहे, वेल्डिंगचे दोन टाके मारून द्या." अहो, रिकामी आहे म्हणूनच तर भीती. हवेत पेट्रोलची वाफ साधारण 1.4 ते 7.6 टक्के असली की ती पेटते. काठोकाठ भरलेल्या टाकीत हवेला जागाच नसते. रिकाम्या टाकीत मात्र हे प्रमाण सहज जुळतं. गारठ्याचाही भरवसा नाही, पेट्रोल उणे 40 अंशांच्या आसपासही पेटण्याइतकी वाफ सोडतं.

एका हौशी माणसाने साबणाच्या पाण्याने टाकी चांगली खळखळून धुतली, उन्हात वाळवली, तोंडाला नाक लावून पाहिलं. वास नाही. मग गॅसच्या टॉर्चने शिवणीवर सोल्डर धरायला बसला. शिवण म्हणजे दुमडलेला पत्रा. त्या घडीत पेट्रोल मुरलेलं असतं, आणि तळाला वर्षानुवर्षं साचलेला चिकट राळेसारखा थर असतो. पाण्याने दोन्ही हलत नाहीत. आच लागली की दोन्ही वाफ सोडतात. मोठा आवाज झाला, चपटी टाकी फुगून गोल झाली, शिवण टराटरा उसवली. माणूस बाजूला बसला होता म्हणून भुवया आणि पुढच्या केसांवर निभावलं. समोर असता तर हा किस्सा हसत सांगता आला नसता. तरी त्याचं पहिलं वाक्य काय? "पण मी धुतली होती!"

आतली हवा हाकलायला सायलेन्सरचा धूर टाकीत सोडून वेल्डिंग करणारे वस्तादही पाहिलेत. त्या धुरात ऑक्सिजन किती उरलाय हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. डिझेलची टाकी म्हणून निर्धास्त असाल तर टॉर्चच्या उष्णतेने डिझेलचीही वाफ होते. माझा नियम सरळ आहे: आगीचं काम टाक्या आणि रेडिएटर नेहमी करणाऱ्याकडे द्यायचं, आणि तो आधी वाफेने शुद्ध करतो का, आत निष्क्रिय वायू भरतो का, हे विचारायचं. "काही होत नाही" म्हणाला तर टाकी उचलून घरी आणायची. सुईएवढी भोकं असतील तर पेट्रोलला टिकणारं दोन भागांचं इपॉक्सी लावतो, तेही टाकी रिकामी आणि कोरडी करून, हाताने एमरी पेपर मारून पत्रा चकचकीत झाल्यावर. ग्राइंडर लावत नाही. सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगून सुटतं, तो विषयच सोडा.

दुसरी लाडकी चूक: आतून सीलर, म्हणजे भोकं बुजवणारा पातळ लेप ओतणं. बाटलीवर सोपं लिहिलेलं असतं, म्हणून सगळे गंजावरच ओततात. सीलर गंजाला चिकटतो, गंज पत्र्याला सोडतो आणि मग सालं तरंगायला लागतात. अशी एक गाडी चढावर बंद पडायची आणि थोडा वेळ थांबलं की मुकाट्याने चालू व्हायची. कार्बोरेटर साफ झाला, पंप बदलला. शेवटी टाकीत पाहिलं तर सीलरचं साल ओढीने पिकअपच्या, म्हणजे पेट्रोल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाला चिकटत होतं, आणि ओढ थांबली की गळून पडत होतं. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुने सीलर मऊही पडतात. आधी साखळीचा तुकडा टाकून टाकी हलवा (साखळी बाहेर काढायला विसरू नका), मग सायट्रिक ॲसिड, मग धुणं आणि लगेच वाळवणं. रात्रभर ओली ठेवलीत तर सकाळी नवा गंज तयार.

गळती तपासायला कॉम्प्रेसर थेट जोडू नका. 50 बाय 50 सेंटिमीटरच्या पत्र्यावर एका पीएसआय दाबालाच पावणेदोनशे किलोंचा भार येतो. एक-दोन पीएसआय आणि साबणाचा फेस पुरतो.

फेरबदल करणाऱ्यांसाठी थोडक्यात. कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन बसवताय तर साधारण तीन बारचा दाब धरा. कार्बोरेटरचा जुना पाइप तिथे चालत नाही, आणि बहुतेक प्रणालींना परतीची लाइन लागते. आत पेट्रोल हिंदकळू न देणारे आडपडदे नसतील तर अर्ध्या टाकीलाही वळणावर पंप हवा ओढतो. ॲल्युमिनियमची टाकी लोखंडी ब्रॅकेटवर नुसती ठेवू नका, मध्ये रबर घाला. ब्रीदर बंद केलात तर टाकी आत चेपते. आणि रंग मारून, रबर घालून टाकी परत चढवल्यावर पेट्रोलचा काटा चुकीचं दाखवायला लागला तर फ्लोट बदलायच्या आधी अर्थची वायर तपासा. पुष्कळ जुन्या गाड्यांत फ्लोटला अर्थ टाकीच्या पत्र्यातूनच मिळत असतो.