गोव्यात बाहेर बसून चित्र काढायचंय? इझल घेताना या चुका टाळा

चवथ होऊन गेली, पाऊस ओसरला की गोव्यातले हौशी चित्रकार बाहेर पडायच्या तयारीला लागतात आणि ‘इझल (चित्राचा बोर्ड धरणारा स्टँड) कुठलं घेऊ?’ हा प्रश्न निघतो. उत्तर शोधलं जातं ते दुकानात, नाहीतर मोबाइलवर. बंद खोलीत, गुळगुळीत फरशीवर कुठलंही इझल ऐटीत उभं राहतं. त्याची खरी परीक्षा शापोऱ्याच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर), दिवाडीच्या बांधावर आणि मोरजीच्या वाळूत होते. म्हणून आधी वारा, वाळू, खारी हवा आणि स्वतःचा खांदा यांचा विचार करावा. चित्राचं माप त्यानंतर.

माध्यम न ठरवताच खरेदी

सर्वांत जास्त पैसे इथे वाया जातात. तैलरंगाला बोर्ड जवळजवळ उभा लागतो. जलरंगात वॉश (पातळ रंगाचा सपाट थर) सोडताना पंधरा-वीस अंशांचा उतार पुरतो, आणि ओल्यात ओलं, म्हणजे ओल्या कागदावरच रंग सोडून, काम करायचं तर बोर्ड अगदी आडवा हवा. स्वस्तातली बरीच तिपाई इझलं तैलरंग डोळ्यांसमोर ठेवून केलेली असतात. त्यांच्यावर बोर्ड मागे कलतो, पण आडवा होत नाही. अशा इझलवर आभाळाचा वॉश मारला की निळा रंग थेट खाली मांडवीत उतरतो. तेव्हा जलरंगवाल्यांनी दुकानदाराला एवढंच सांगावं, ‘बोर्ड आडवा करून दाखवा.’ आडवा झाल्यावर कोपऱ्यावर बोट दाबून पाहावं. कोपरा खाली गेला आणि तिथेच राहिला, तर ते इझल परत ठेवा.

जरा खर्चाच्या विरोधात बोलतो. क्वार्टर इम्पिरियल, म्हणजे ११ बाय १५ इंचांपर्यंतच्या कागदावर जलरंगात काम करत असाल, तर इझलची गरजच नाही. घडीचं स्टूल आणि मांडीवर बोर्ड, चित्रकलेच्या विद्यार्थ्यांची ही जुनी पद्धत अजूनही उत्तम आहे. पणजीतल्या मळा-फोंतेन्हासच्या गल्ल्यांत तर तीच सोयीची. तिथे तिपाईचे पाय पसरले की स्कूटरवाल्यांचा रस्ता अडतो, आणि फोटो काढणाऱ्यांच्या गर्दीला तिथले लोक आधीच कंटाळलेत. कुणाच्या घरासमोर बसायचं असेल तर आधी विचारावं. बहुतेक वेळा सोप्यावर बसायलाही जागा मिळते.

फ्रेंच इझलच्या रूपावर भाळणं

पितळी कड्या, खण, चामडी पट्टा असलेली ती लाकडी पेटी दिसते देखणी. पण पूर्ण आकाराचं फ्रेंच इझल रिकामंच पाच-सहा किलोंचं असतं. त्यात रंग, तेल, पाणी, बोर्ड आणि छत्री घाला. स्वतःची गाडी असेल आणि चित्र गाडीपासून पन्नास पावलांवर असेल, तर जरूर घ्या, कारण वाऱ्यात त्याच्याइतकं भक्कम उभं राहणारं दुसरं काही नाही. पण बसने उतरून पुढे पायलटच्या (मोटरसायकल टॅक्सीवाल्याच्या) मागे बसून जाणार असाल, तर ती पेटी धरायची कुठे? काब द रामला किल्ल्यात शिरून कड्यापर्यंत चालताना पट्टा खांद्यात रुतायला लागतो. अशांनी दीड-दोन किलोंचं ॲल्युमिनियमचं फील्ड इझल घ्यावं, नाहीतर ट्रायपॉडवर बसणारा पोशाद बॉक्स (रंग आणि बोर्ड मावणारी छोटी पेटी).

वारा विसरणं

ऑक्टोबर ते मे या महिन्यांत सकाळी जमिनीकडून मंद वारा असतो. दुपारकडे तो फिरतो आणि समुद्रावरून वायव्येचा जोरदार वारा सुटतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की बोर्डावरचा जोर चौपट होतो. हाफ इम्पिरियल बोर्ड, म्हणजे १५ बाय २२ इंच, अशा वाऱ्यात होडीच्या शिडासारखा भरतो आणि हलकं इझल आडवं होतं.

इथे दोन गोष्टी चुकतात. वजन टांगायला हूक असलं की काम झालं, असं लोकांना वाटतं. पण पिशवी अधांतरी लोंबकळत ठेवली की ती वाऱ्यात झुलते आणि प्रत्येक झोक्याबरोबर ब्रशची रेघही हलते. पिशवी जमिनीला जेमतेम टेकेल इतकी खाली बांधा. घरून वजन न्यायची गरज नाही. कापडी पिशवी न्या, जांभ्याचे दगड तिथेच मिळतात. दुसरी गोष्ट पायांची. तिपाई कलंडते ती दोन पायांच्या मधल्या बाजूला, म्हणून वारा ज्या दिशेला वाहतोय त्या दिशेला एक पाय रोखून ठेवा. मधला दांडा वर काढू नका. उंची हवी असेल तर आधी वरचे जाड पाय उघडा, खालचे काडीसारखे पाय शेवटी. शक्य असेल तर बोर्डाची कड वाऱ्याकडे करा, आणि कागद चारही कोपऱ्यांना बुलडॉग क्लिपांनी पकडा.

छत्री इझललाच बांधायची फॅशन आहे. समुद्रकाठी ती करू नका. छत्री वेगळ्या दांड्यावर हवी आणि पांढरी किंवा राखाडी. लाल-पिवळ्या छत्रीखाली कागदावर तोच रंग सांडतो आणि घरी आल्यावर चित्रातलं ऊन भलतंच दिसतं.

सगळ्या जमिनी सारख्याच समजणं

टोकदार खिळ्याचे पाय शेतात छान रुततात, पण सड्याच्या कातळावर घसरतात. रबरी बूट कातळ धरतात, पण ओल्या बांधावर सरकतात. रबर फिरवलं की आतून टोक बाहेर येतं असे पाय मिळतात. थोडे जास्त पैसे देऊन तेच घ्या. तिन्ही पाय वेगवेगळ्या कोनांत उघडतात का, हेही पाहा. मधल्या पट्ट्यांनी एकमेकांना जखडलेले पाय चर्चच्या पायऱ्यांवर किंवा खाजनाच्या (खाडीकाठच्या शेतजमिनीच्या) उतरत्या बांधावर बसतच नाहीत.

वाळूत मात्र ‘खालचे पाय शेवटी’ हा वाऱ्यातला नियम थोडा मोडावा लागतो. सगळ्यात खालचा पाय वीतभर बाहेर काढूनच रोवा, म्हणजे त्याचं लॉक वाळूच्या वर राहतं. प्रत्येक पायाखाली नारळाची करवंटी किंवा डब्याचं झाकण दाबून बसवलं की इझल हळूहळू खचत नाही. भरतीचं वेळापत्रक आधी बघा. चित्रात गुंगलेल्या माणसाला पाणी चपला भिजल्यावरच कळतं.

पोशाद बॉक्स भारी, ट्रायपॉड फुकाचा

बॉक्सवर पैसे संपतात आणि खाली मोबाइलचा किडकिडीत ट्रायपॉड लागतो. बॉक्स, रंग आणि बोर्ड यांचं एकत्र वजन करा आणि त्याच्या निदान दुप्पट वजन पेलणारा ट्रायपॉड घ्या. बॉल हेड (ट्रायपॉडच्या डोक्यावरचा, सगळीकडे फिरणारा गोल सांधा) टाळा. एका बाजूला रंग जास्त झाले की ते हळूच मान टाकतं. दोन दिशांना वेगवेगळं आवळता येणारं पॅन हेड बरं. बॉक्स बसवायचा स्क्रू बहुधा पाव इंची असतो, तरी जुळवून बघा. क्विक रिलीजची (बॉक्स ट्रायपॉडवर झटकन अडकवायची) एक जादा प्लेट बॅगेत कायमची ठेवा. ती घरी राहिली तर उरलेल्या सगळ्या सामानाचा काही उपयोग नाही.

बोर्ड पायांना न हलवता फिरवता येणं हा पॅन हेडचा आणखी एक फायदा. सकाळी समुद्राकडे तोंड करून बसलात की सूर्य पाठीमागे, ऊन थेट कागदावर. पांढऱ्या कागदाच्या झगझगाटात रंगांच्या गडद-फिकेपणाचा अंदाज चुकतो. बोर्ड थोडा वळवून स्वतःच्याच सावलीत आणला की रंग नीट दिसतात.

‘पितळी’वर विश्वास ठेवणं

खरेदीला जाताना खिशात छोटं लोहचुंबक ठेवा. चिकटलं तर ते पितळ नव्हे, वर मुलामा दिलेलं लोखंड. किनाऱ्यावर एक मोसम काढला की ते गंजतं. सगळं इझल बाद करायची गरज नाही. पंखांचे नट आणि स्क्रू म्हापशा-मडगावच्या हार्डवेअरच्या दुकानातून स्टेनलेस स्टीलचे आणून बदला. ३१६ दर्जाचं मिळालं तर ते घ्या, खाऱ्या हवेत ३०४ पेक्षा ते जास्त टिकतं. एक-दोन नट जास्तीचे घ्या, वाळूत पडलेला नट सापडत नाही.

पाय आपोआप आत सरकत असेल तर लगेच लॉकला दोष देऊ नका. आत बहुधा वाळू आणि सुकलेलं मीठ असतं. पाय पूर्ण बाहेर काढा, गोड्या पाण्याने धुवा, उघडे ठेवूनच वाळवा. समुद्रावरून आलात की हे त्याच संध्याकाळी करायचं. तेल लावू नका, तेलाला वाळू चिकटते. एवढं करूनही सरकत असेल तर लिव्हरचा स्क्रू एलन कीने थोडा आवळा.

लाकडी इझलचं दुखणं जूनमध्ये सुरू होतं. लाकूड फुगतं, खण अडकतो, आणि कुणीतरी सुताराला बोलावून तो रंधून घेतो. पावसाळ्यात रंधा लावू नका. मे महिन्यातच खाचांना मेणबत्ती घासून ठेवा, चामडी पट्टा काढून कोरड्या जागी वेगळा ठेवा, नाहीतर चवथीपर्यंत त्यावर बुरशी चढते. खण अडकलाच तर आतलं सामान तेवढं काढून घ्या आणि थांबा. जुलैत रंधलेला खण डिसेंबरात ढिला होतो, आणि पेटी पाठीवर घेऊन चालताना ट्यूबा एकेक करून रस्त्यावर पडत जातात.