मृत्युपत्राचे साक्षीदार वयाने लहान निवडा

मृत्युपत्र करताना सगळा विचार ‘कोणाला काय’ याचाच होतो आणि साक्षीदार म्हणून बाबांचे समवयस्क मित्र सही करून जातात. पुढे वाद झालाच, तर हयात असलेल्या निदान एका साक्षीदाराला कोर्टात येऊन सांगावं लागतं, की सही माझ्यासमोर झाली. तोवर दोघेही हयात नसले, तर त्यांची अक्षरं ओळखणारी माणसं शोधत फिरावं लागतं. म्हणून साक्षीदार दहा-पंधरा वर्षांनी लहान आणि सहज सापडणारे निवडा. दोघांचे पूर्ण पत्ते लिहा.

भारतीय वारसा कायद्याच्या कलम 63 नुसार किमान दोन साक्षीदार लागतात. दोघांनीही मृत्युपत्र करणाऱ्यासमोर सही करायची. मजकूर त्यांना वाचू द्यायची गरज नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. ज्याला मिळकत मिळणार तो साक्षीदार नको. उगाच संशयाला जागा. डॉक्टर साक्षीदार मिळाले तर उत्तमच, मृत्युपत्र करणारे शुद्धीत होते का हा प्रश्न हमखास निघतो.

महाराष्ट्रात मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही, नोंदणीही ऐच्छिक. पण नोंदणी केली तरी वादात साक्षीदार लागतोच.