लहान मुलांचे तीळ डर्मोस्कोपखाली पाहताना या चुका टाळा

डर्मोस्कोप, म्हणजे त्वचा तपासायचे दिव्याचे भिंग, दहा पट मोठे दाखवतो. मुलाच्या हाताला काल काय लागले होते, हे मात्र तो सांगत नाही. जळगाव-धुळ्याकडे नव्याने दवाखाना सुरू करणारे माझे तरुण सहकारी हेच विसरतात.

तळहातावरच्या रेषांमध्ये खाचा असतात आणि उंचवटे असतात. खाचांतून धावणारा रंग बहुधा साध्या तिळाचा, तर उंचवट्यांवर बसलेला रंग कर्करोगाच्या संशयाचा, एवढे सगळ्यांना पाठ असते. परंतु बाहेरून लागलेला रंगही उंचवट्यांवरच बसतो आणि सावळ्या त्वचेतील नैसर्गिक डागही कधी कधी तसेच दिसतात. रावेर तालुक्यातील 14 वर्षांच्या एका मुलाला अशाच डागासाठी बायोप्सीची चिठ्ठी देऊन मुंबईला धाडले जात होते आणि घरचे दोन रात्री झोपले नव्हते. मी फक्त विचारले, "हाताला काय लागलं होतं?" वडील म्हणाले, "साहेब, मागच्या आठवड्यात केळीचे घड उतरवले, त्याचा चीक असंल." ब्लेडच्या बोथट कडेने हलकेच खरवडले, तेव्हा डागाचा निम्मा भाग सालपटाबरोबर निघून आला आणि उंचवट्यांवर ओळीने असलेली घामाच्या रंध्रांची पांढरी टिंबे स्वच्छ दिसू लागली. उरलेला डाग तीन आठवड्यांनी आपसूक गेला. तेव्हापासून प्रश्न आधी आणि यंत्र नंतर, हा माझा नेम आहे. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास मेहंदीबद्दलही विचारतो.

दुसरी चूक मला अधिक खटकते, कारण तिचा व्रण मुलाच्या पाठीवर कायमचा राहतो. वयात येणाऱ्या मुलाच्या तिळाभोवती तपकिरी गोलकांची (बारीक गोल ठिपक्यांची) एकसारखी झालर असेल, तर तो तीळ वाढत आहे एवढाच तिचा अर्थ होतो, आणि त्या वयात तीळ वाढतातच. हीच झालर पन्नाशीनंतर दिसली तर ती गंभीरपणे घ्यावी लागते. लहानपणी तिळात बहुधा गोलक असतात आणि रंगाच्या रेघांची जाळी पुढे किशोरवयात ठळक होते. प्रौढांचे नियम मुलांना लावून चाकू उचलणे ही निव्वळ घाई आहे.

उलट जिथे घाई हवी, तिथे दिरंगाई होते. मुलांमध्ये मेलेनोमा, म्हणजे त्वचेतील रंगपेशींचा कर्करोग, अत्यंत दुर्मीळ आहे. पण होतो तेव्हा तो पुष्कळदा काळा नसतो, तर गुलाबी, एकाच रंगाचा, उंच आणि रक्त येणारा गोळा असतो. काही आठवड्यांत वाढलेल्या अशा गोळ्याला चामखीळ समजून जाळू नये, कारण जाळलेल्या ऊतीची तपासणी नीट होत नाही. त्यावर डर्मोस्कोपची काच दाबून धरली तर बारीक रक्तवाहिन्यांचे ठिपके नाहीसे होतात. मी जेल भरपूर घालतो आणि काच टेकवतो न टेकवतो अशी धरतो.

मोठ्या जन्मजात तिळावर बोट फिरवून गाठ चाचपावी. डर्मोस्कोपला खोलवरचे दिसत नाही.

एकच तीळ दाखवायला आणले असले, तरी सगळे अंग पाहावे. एकाच मुलाचे तीळ बहुधा एकमेकांसारखे असतात; वेगळा दिसेल त्यापाशी थांबावे.

मूल रडत असेल तर मी डर्मोस्कोप आधी आईच्या बांगडीवर धरून मोबाइलच्या पडद्यावर दाखवतो. मग बहुतेक वेळा मूल स्वतःच हात पुढे करते.