गावठाणाचा इतिहास लिहायचाय? आधी विहीर विचारा

आमचं रानवार म्हणजे मुंबईत वांद्र्याच्या हिल रोडमागचं जुनं ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळ मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांचं, गावठाण. दर दोन-चार वर्षांनी एखादं कौलारू घर पडतं आणि त्या घरातल्या गोष्टीही जातात, म्हणून मी वह्या भरायला घेतल्या. तुमच्या गावठाणासाठी हे करायचं असेल तर माझी पद्धत सांगते.

म्हाताऱ्या माणसांना "गावाचा इतिहास सांगा" म्हणू नका, ती गप्प होतात. आमच्याकडे लग्नात विहिरीवरून वाजतगाजत पाणी आणतात, त्याला उंबराचं पाणी म्हणतात. विचारा, "लग्नात उंबराचं पाणी कुठल्या विहिरीवरून आणायचात?" मग वाजंत्री कुठून निघायची, कोणाच्या अंगणातून वाट होती, कोणाला बोलावलं नव्हतं, सगळं बाहेर येतं. ती वाट कागदावर काढा. गावाची जुनी हद्द आणि नातीगोती त्यातच सापडतात. भाताची खाचरं कुठे होती तेही तेव्हाच विचारून घ्या.

मग क्रूस बघा. १८९६ च्या प्लेगनंतर वांद्र्यात ठिकठिकाणी क्रूस उभे राहिले. अक्षरं झिजली असतील तर घासू नका, रंग भरू नका. अंधार पडल्यावर टॉर्च दगडाला टेकवून आडवा धरा. सावलीत आकडे उठतात. प्रत्येक आकड्याचा वेगळा फोटो घ्या, ३ आणि ८ मध्ये हमखास घोटाळा होतो.

घराचं वय कौलावरून ठरवू नका. मी ही चूक केली. मंगलोरच्या बासेल मिशन कारखान्याच्या कौलावर १८६५ वाचून तेच घराचं साल धरलं. ते कारखाना सुरू झाल्याचं साल निघालं. सागवानी खांब, बाहेरचा लाकडी जिना यांचं वर्णन लिहा. साल मात्र कागदावरूनच घ्या: सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड, जुनी खरेदीखतं, चर्चमधली बाप्तिस्मा आणि लग्नाची वही. वही बघायची तर फादरना आधी भेटा, नाव आणि अंदाजे वर्ष घेऊन जा.

घरच्या आठवणींना साल लागत नसेल तर मोठ्या घटनांना टेकवा. १७३९ ला वसई मराठ्यांकडे आली, १७७४ ला साष्टी, म्हणजे वांद्रं ज्यात येतं ते बेट, इंग्रजांनी घेतली. १८४५ ला वांद्र्याला माहीमशी जोडणारा कॉजवे झाला, १८६७ ला विरार-मुंबई लोकल गाडी सुरू झाली. आमचं 'ईस्ट इंडियन' हे नावसुद्धा १८८७ चं, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी असोसिएशन निघाली तेव्हाचं. "आजोबा पहिल्या गाडीच्या वेळी शेत कसत होते" एवढं कळलं तरी पिढी लागते.

सांगणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे लिहा, बोलीतले असले तरी. आणि लिहिलेलं त्याला वाचून दाखवा. शेजारच्या आजींना मी विहिरीचं पान वाचून दाखवलं. डोळे मिटून ऐकत होत्या. मध्येच हात धरून म्हणाल्या, "घागर नाय गो, कळशी. तांब्याची. माझ्या आयची." मी तिथेच खोडून कळशी लिहिलं.